पोरीच्या हातात पाना-पकड द्या

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत एका कार्यकर्तीने केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं चाललंय. मी जरा वेगळा विषय काढणार आहे. पोरींच्या शिक्षणाचा म्हटल्याबरोबर चार जण चहाकडं बघायला लागले. बघा, पण उठू नका. विषय हिशेबाचाच आहे.

मी मुखेडकडची. १९९१ साली दहावी झाले, गणितात शाळेत पहिली आले. सायन्स तालुक्याला, आणि संध्याकाळी परतीची गाडी नाही. वडील म्हणाले, "पोरगी अंधारात कशी येणार?" त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. माझ्याहून कमी मार्काचा भाऊ शहरात खोली करून सायन्सला गेला आणि बारावीला दोनदा बसला. वडिलांवर माझा राग नाही. दोन पोरांना पुरेल एवढा पैसा त्या ज्वारीनं कधी दिलाच नाही. पण एकालाच शिकवायचं ठरलं तर कोणाला, हे मार्क बघून ठरलं नव्हतं, एवढं खरं.

आता मला सांगा, सीड प्लॉटवर क्रॉसिंगला कोण जातं? बायका, आणि शाळा बुडवून पोरी. काम काय असतं ते इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी ओळखायची. नखानं पाकळ्या आणि पुंकेसर काढायचे, पण आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये. कळी झाकून खूण करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्याचा पराग वरून फिरवायचा. एक पुंकेसर चुकून राहिला तर बी बिघडलं. जगातला पहिला बाजारात आलेला संकरित कापूस, एच-४, गुजरातेत सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली दिला. आपल्या नांदेडच्या केंद्राचं नांदेड-४४ त्यानंतरचं. ते तर तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी पेरलेलं आहे. या सगळ्या बियाण्याच्या मुळाशी हीच बोटांची कारागिरी आहे. शास्त्रज्ञानं केलं की तिला वनस्पती-प्रजनन म्हणतात, आपली पोरगी करते तेव्हा ती रोजंदारी. त्याच पोरीला शाळेच्या पुस्तकात परागीभवनाचा धडा असतो, आणि ती तो पाठ करते! ज्या दिवशी धडा शिकवला त्या दिवशी ती प्लॉटवर होती, म्हणून मास्तर तिला गैरहजर लावतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या पोरींना विज्ञान येत नाही असं नाही. त्यांच्या हाताला जे येतं त्याला कोणी विज्ञान म्हणत नाही, आणि ज्याला विज्ञान म्हणतात त्याची हत्यारं त्यांच्या हातात कोणी देत नाही. मोटर बंद पडली की स्टार्टरचं झाकण पोरगा उघडतो, पोरगी बॅटरी धरून उभी राहते. वीस वर्षं बॅटरी धरून कोणी वायरमन झालेलं मी पाहिलं नाही.

हात दिला तर काय होतं, हे लातूरकरांनी पाहिलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीची आठवण मी नव्यानं काढत नाही, इथं बसलेल्यांत कोणाच्या घरचं कोण गेलं ते आपण जाणतो. जाड दगड-मातीच्या भिंती अंगावर आल्या. पुढं घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम निघालं, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोगच्या प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातूर-उस्मानाबादच्या गावोगावी महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून तयार केल्या. त्या आधी स्वतः शिकल्या, मग दारोदार जाऊन लोकांना समजावू लागल्या की भिंत कुठं फुटते, कोपरा कसा बांधायचा, पैसा कशावर खर्च करायचा. यातल्या कितीतरी बायका जेमतेम शाळेत गेलेल्या होत्या. आधी पुरुष हसले असतील. पण घर पडल्यावर शिकवणाऱ्याची जात-बाई-बुवा कोण बघतो?

त्या मोठ्या बाया होत्या. शाळेतल्या पोरींचं काय? त्याचंही उदाहरण महाराष्ट्रात आहे, आणि तेही कोरडवाहू मुलखातलं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे, पर्जन्यछायेतलं. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ अमेरिकेत शिकून आलेले, मोठ्या कंपनीत संशोधन करणारे. नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला. त्यांचा विचार आपल्या डोक्यात चटकन बसेल असा आहे: माणूस हातानं काम करताना शिकतो, तर शाळेत तसंच शिकवा. तिथून जो अभ्यासक्रम निघाला त्यात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस कामावर असतात. वेल्डिंग आणि बांधकाम, घरातलं वायरिंग, माती तपासणं, रोपं आणि जनावरं, रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासणं, अन्न टिकवणं. आणि मुलं-मुली दोघांनी सगळं करायचं. पोरीनं वेल्डिंगचा मुखवटा चढवायचा, पोरानं चूल सांभाळायची. शिकवायला मोठ्या पदवीचा माणूस लागत नाही, गावातला ज्याला काम येतं तो शिकवतो. गावाची खरी कामं घ्यायची, म्हणजे गेट दुरुस्त झालं, वायरिंग झालं, की त्याचे पैसे येतात. कलबाग २००३ साली गेले, पण हा अभ्यासक्रम राज्यातल्या आणि बाहेरच्याही कितीतरी शाळांत पोहोचला.

मला यातली मोलाची गोष्ट ही वाटते की गावाला पोरीची गरज पडते. हिमोग्लोबिनचंच घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. बाराच्या खाली आकडा आला की बाई थकते, पण कापूस वेचणं थांबत नाही. शेजारची नववीतली पोरगी आकडा वाचून सांगते, "काकू, तुमचं नऊच आहे, दवाखान्यात चला." त्या दिवसापासून तिला कोणी नुसती पोरगी म्हणणार नाही.

आपल्याकडं सुरुवात कशानं करावी? मी दोन कामं सांगते, खर्च फार नाही.

पहिलं, बोंडअळीचा सापळा. त्याला कामगंध सापळा म्हणतात. नाव काढलं की काही मंडळी म्हणतात पोरींपुढं नको. मग पतंगाचा सापळा म्हणा, आमची काही हरकत नाही! मादी पतंगाच्या वासासारखी गोळी आत असते, नर येऊन अडकतो. रोज सकाळी मोजायचं आणि लिहायचं. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त गुलाबी बोंडअळीचे पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली. कमी असतील तर पंप खाली ठेवा. दुकानदार सांगतो म्हणून फवारायचं, की आकडा सांगतो म्हणून? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं माणसं मेली, ते आपण विसरलो नाही. मोजणी पोरींनी बांधावरच्या सापळ्यावर करावी, फवारलेल्या रानात मात्र एकही लेकरू पाठवायचं नाही.

दुसरं, पाऊस. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, पण तो मंडळातल्या यंत्रावर पडला पाहिजे. तुमच्या रानात तळं झालं आणि यंत्राच्या गावाला भुरभुर झाली तर तुम्ही बसा अर्ज लिहीत. सरळ उभ्या भिंतीचा डबा उघड्यावर ठेवला आणि सकाळी पट्टीनं मोजलं तरी पाऊस कळतो. ६५ मिलिमीटर म्हणजे एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी. हे गणित आठवीच्या पोरीला करता येतं. शाळेच्या वहीतल्या आकड्यावर तहसीलदार लगेच पैसे देईल असं मी म्हणत नाही. पण दहा गावांच्या दहा वह्या, रोजच्या तारखेनं, टेबलावर ठेवल्या तर बोलायला जागा होते. आज आपल्याकडं तोंडाशिवाय काही नसतं.

आता तुमचे आक्षेप. एक भाऊ मला गावात म्हणाले, "ताई, शिकून शेवटी भाकरीच बडवायची." मी विचारलं, "दादा, तुमच्या पोरानं बारावी करून काय केलं?" ते हसले, पुढं बोलले नाहीत. दुसरा आक्षेप पोरीच्या काळजीचा, तो मी हसण्यावारी नेत नाही; माझ्या बापाला तीच काळजी होती. पण लग्न लावून देणं हा काळजीवरचा इलाज म्हणून आपण किती वापरतो? २०१९-२१ च्या पाहणीत राज्यात २० ते २४ वयाच्या शंभरातल्या २२ मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं; शेजारच्या परभणी जिल्ह्यात ४८.

राहिला पैसा. सरकारच्या सवलती आहेत, त्या हक्कानं घ्या. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक शिक्षणाची फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला पाहिजे. पास आहे पण संध्याकाळची गाडी नाही, अशी गावं आजही आहेत. तिथं आगारावर आपण सगळ्यांनी जायचं, एकट्या पोरीच्या बापानं नाही.

लातूर पॅटर्नवर मी फार बोलत नाही. त्यानं आपल्या भागातून डॉक्टर दिले, अभिमान आहे. पण ज्याला क्लासची फी आणि खोलीभाडं झेपतं त्याचा तो रस्ता, आणि घरात एकाचीच फी झेपत असेल तर ती कोणाची भरली जाते, ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

शेवटची बातमी सांगते. आपण नागनाथाच्या दर्शनाला औंढ्याला जातो. त्याच औंढ्याजवळ लायगो-इंडिया नावाची प्रयोगशाळा होणार आहे; २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आत लेझरचा प्रकाश. दूर आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्याची लहर इथं मोजायची. २०१५ साली अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी ती पहिल्यांदा टिपली. तिथं वेल्डर लागतील, वायरमन लागतील, संगणकावर बसणारे लागतील, शास्त्रज्ञ लागतील. कँटीनमध्ये भाकरी करायलाही बाई लागेल. यातल्या कोणत्या कामावर नांदेड-हिंगोलीच्या पोरी असतील, ते आज सहावी-सातवीत असलेल्या पोरींच्या हातात आपण काय देतो यावर आहे.

तर मृगाच्या आधी पाच-पाच गावांनी मिळून एक शनिवार ठरवावा. गावातला वायरमन, गवंडी, आयटीआय झालेला एखादा पोरगा, आशाताई आणि शाळेतले विज्ञानाचे मास्तर एवढी माणसं पुरतात. जागा शाळेची किंवा मारुतीच्या देवळाची. दाराजवळ आमच्या दोघी वही घेऊन बसल्या आहेत. जाताना आपल्या पोरीचं, भाचीचं, पुतणीचं नाव लिहून द्या, वर्ग आणि गाव घाला. पहिल्या पानावर पहिलं नाव माझ्या भाचीचं आहे. तिला स्टार्टर उघडायचाय, आणि तिचा बाप, माझा भाऊ, तो मागच्या रांगेत बसलाय, हो म्हणालाय.