जानेवारीतली खुरपणी

मलावी हा आग्नेय आफ्रिकेतला चिंचोळा देश. मका खायला, तंबाखू परकीय चलन मिळवायला. 1990 पर्यंत बर्ली तंबाखू लावायची मुभा फक्त मोठ्या मळ्यांना होती. राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्स बांडा यांच्या राजवटीतला कायदाच तसा. मका विकत घेणारं आणि खत देणारं 'ॲडमार्क' हे सरकारी महामंडळ. 1981 पासून जागतिक बँकेची कर्जं आली, सोबत अटीही. पुढच्या दशकात छोट्या शेतकऱ्याला बर्ली मोकळी झाली, खाजगी व्यापारी गावात उतरले, खताचं अनुदान गेलं. 1994 मध्ये क्वाचा या चलनाचा दर बाजारावर सोडला आणि आयात खत गरिबाच्या आवाक्याबाहेर गेलं.

बर्लीने काहींच्या घरात रोख पैसा आणला, हे नाकारून चालणार नाही. पण त्यांच्या शेतात राबलं कोण?

तिथे रोजंदारीला 'गान्यू' म्हणतात. बहुतेक वेळा काम उक्तं: इतक्या सऱ्या ओढा, इतकं तण काढा, मोबदला पैशात नाहीतर मक्यात. पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, कापणी एप्रिलच्या सुमारास. मधल्या जानेवारी-फेब्रुवारीत गरिबाची कणगी रिकामी असते आणि नेमकी तेव्हाच खुरपणी अडलेली असते. आज चूल पेटवायची म्हणून बाई शेजाऱ्याच्या रानात जाते. तिच्या स्वतःच्या मक्यात तण माजतं. पीक कमी येतं, पुढच्या वर्षी कणगी आणखी लवकर तळाला जाते. त्यात सुगीत स्वस्तात विकलेला मका तिला जानेवारीत चढ्या भावाने घ्यावा लागतो. 2001-02 च्या दुष्काळात तर जो तो काम मागत फिरत होता, आणि मजुरी कोसळली.

बाजार खुला केला तेव्हा पिकाच्या भावाचा विचार झाला. माणसाच्या हातांना कोणत्या महिन्यात सवड असते, याचा झाला नाही. 2005 मध्ये सरकारने खताचं अनुदान कूपनांच्या रूपात पुन्हा सुरू केलं. चांगलंच केलं. पण तण वेळेवर काढलं नाही तर खत तणच खातं. कूपनाबरोबर जानेवारीत दोन पोती मका उसना मिळाला असता, तर ती बाई आपल्याच शेतात थांबली असती, असं मला वाटतं.