उंचसखल मुलुखाचा हवाई नकाशा

सपाट मुलुखात विमानातून सरळ खाली रोखून टिपलेले छायाचित्र बऱ्याच अंशी नकाशासारखे वापरता येते. परंतु वऱ्हाडातल्या परतवाड्याच्या सपाटीपासून मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या पठारापर्यंत जमीन सुमारे ७०० मीटर चढत जाते, तिथे तसे करणे फसवे ठरते. छायाचित्राचे प्रमाण भिंगाचे नाभीय अंतर आणि जमिनीपासून विमानाची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरते. नाभीय अंतर १५ सेंटिमीटर आणि सपाटीपासूनची उंची ३,००० मीटर धरली, तर चित्रातला एक सेंटिमीटर म्हणजे सपाटीवर २०० मीटर होतात आणि पठारावर तोच जेमतेम १५३ मीटर भरतो. शिवाय उंच ठिकाणे चित्राच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला सरकलेली दिसतात, त्यामुळे मध्याकडे तोंड असलेला कडा पसरट उमटतो आणि पाठमोरा कडा झाकलाही जाऊ शकतो.

नकाशाकाराला अडचणीत टाकणारे हे सरकणेच त्याला उंची मोजून देते, आणि छायाचित्रमितीचे, म्हणजे छायाचित्रांवरून मोजमाप करण्याच्या शास्त्राचे, खरे सौंदर्य यातच आहे. विमान समांतर पट्ट्यांत नेऊन लागोपाठच्या दोन चित्रांत सुमारे ६० टक्के भूभाग समान येईल अशा बेताने चित्रे घेतली जातात. अशी जोडी त्रिमितीदर्शकाखाली ठेवली, की प्रत्येक डोळ्याला एकेक चित्र दिसून चिखलदऱ्याजवळच्या भीमकुंडाची दरी खोल उतरते आणि गाविलगड किल्ल्याचा माथा वर येतो. दोन प्रतिमांतल्या सरकण्याचा फरक मोजून समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, काढतात. मात्र त्याआधी काही नियंत्रण बिंदूंचे स्थान व उंची जमिनीवर मोजलेली असावी लागते. अशा काटेकोर मोजणीचा भारतातला पाया १८०२ मध्ये त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटन यांनी घातला, आणि त्यांचे निधन १८२३ मध्ये वऱ्हाडाला लागूनच असलेल्या हिंगणघाटला झाले.

मेळघाटात अशी चित्रे घेताना ऋतूची निवडही महत्त्वाची असते. पावसाळ्यात पठार धुक्यात बुडते. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले तरी कलत्या उन्हाने दऱ्यांत लांब सावल्या पडतात. सागाची पाने गळल्यावर नाले आणि पायवाटा उघड्या होतात, पण तेव्हा उन्हाळी धूसरपणा आणि वणव्यांचा धूर आड येतो. आता ड्रोन आणि उपग्रहाधारित स्थाननिश्चितीमुळे पुष्कळ काम सोपे झाले आहे. तरीही कोरकू आदिवासींच्या वस्तीचे नाव काय, नाल्याला चैत्रात पाणी असते की नाही, वाट बैलगाडीची की पायी चालण्याची, हे कोणतेही चित्र सांगत नाही. म्हणून चित्राची प्रत हाती घेऊन गावोगाव फिरणाऱ्या क्षेत्रपडताळणीवाचून या भागाचा नकाशा छापण्याजोगा होत नाही.