मोटारीच्या टायरची नक्षी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, "पुस्तकातले नको, तुम्हांला स्वतःला जे अनुभवाने कळले तेच सांगा." म्हणून उभी आहे. दरवर्षी या जागेवरून लोणची, मसाले, मुलांचे आजार यांविषयी आपण ऐकतो. मी आज मोटारीच्या टायरविषयी बोलणार आहे. हसू आले तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

आमची गाडी जुनी घेतलेली. गेल्या वर्षी मे महिन्यात आमचे हे म्हणाले, "पावसाळ्यापूर्वी चारही टायर बदलायला हवेत." त्याच सुमारास नणंदेच्या मुलीचे केळवण आमच्या घरी व्हायचे होते. भिंतींना रंग, नवे पडदे, सगळेच निघाले होते. मी अंगणात जाऊन टायर पाहिले आणि म्हटले, "नक्षी तर अजून दिसते आहे. निघेल एवढा पावसाळा." हे गप्प बसले. टायरचे पैसे पडद्यांत गेले.

श्रावणात आम्ही माझ्या माहेरी, पाटणकडे निघालो. गाडीत सासूबाई, मी आणि धाकटी मुलगी. चिपळूण सोडल्यावर, कुंभार्ली घाट लागण्याच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर पाणी साचले होते. वेग सत्तरच्या आसपास असेल. पाण्यात शिरताच हे म्हणाले, "स्टिअरिंग हलके लागते आहे," आणि पुढच्याच क्षणी गाडी आमची राहिली नाही. ब्रेक दाबला तरी ती थांबेना, चाक वळवले तरी वळेना. तिरकी सरकत सरकत कडेच्या चिखलात जाऊन रुतली. समोरून कोणतेही वाहन येत नव्हते, एवढ्यावरच निभावले. सासूबाई म्हणाल्या, "देवाने राखले." मी मात्र मुलीला पोटाशी धरून बसले होते आणि डोळ्यांपुढे ते पडदे येत होते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मिस्त्रींनी आगपेटीतली काडी काढली, टायरच्या खाचेत उभी धरली, नखाने खूण केली आणि पट्टीवर मोजली. जेमतेम दीड मिलिमीटर! नव्या मोटारीच्या टायरला ही खोली साधारण आठ मिलिमीटर असते. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे ती १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो टायर मोटारीला चालत नाही. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, नक्षी दिसणे वेगळे आणि नक्षी खोल असणे वेगळे. रांगोळी पुसली तरी तिचा डाग राहतोच की!"

मी विचारले, "पाटा गुळगुळीत झाला की आपण त्याला टाकी देऊन घेतो. तशी टायरला देता येत नाही का?" ते हसले. म्हणाले, "असे खाचा कोरून देणारे भेटतात, पण त्यांच्या वाटेला जाऊ नका. पाट्याचा दगड खूप जाड असतो. मोटारीच्या टायरला खाचेखाली थोडेसेच रबर असते आणि त्याखाली दोऱ्यांचे व तारांचे थर. कोरला की टायर दिसायला नवा होतो आणि भर रस्त्यात फुटतो."

त्या दिवशी माझा मोठा गैरसमज दूर झाला. मला वाटे, पाट्याच्या टाक्या जशा मसाला धरतात, तशी टायरची नक्षी रस्ता धरते. तसे नाही. रस्ता धरते ते रबर. कोरड्या, सपाट डांबरावर तर नक्षी नसलेला टायर अधिक घट्ट धरतो. म्हणून शर्यतीच्या मोटारींना कोरड्या दिवशी अगदी गुळगुळीत टायर लावतात आणि पाऊस आला की थांबून खाचांचे टायर चढवतात. मग नक्षी कशासाठी? ती आपल्या मोरीच्या पन्हळीसारखी आहे, पाणी वाहून न्यायला. एकेका चाकाची रस्त्याला टेकणारी जागा साधारण आपल्या तळहाताएवढी. तेवढ्या जागेखालचे पाणी क्षणात बाजूला सारले गेले नाही, तर चाक पाण्यावर तरंगते. वेग जितका जास्त, टायरमधली हवा जितकी कमी आणि खाच जितकी उथळ, तितके ते लवकर तरंगते. आमचे तेच झाले होते.

हवेचा टायर डनलॉप यांनी १८८८ साली केला. पहिले टायर गुळगुळीतच असत. मोटारीच्या टायरवर नक्षी आली ती १९०४ साली, जर्मनीतल्या काँटिनेंटल कंपनीकडून. म्हणजे ही नक्षी शोभेसाठी नव्हे, गरजेपोटी आली.

मग आम्ही टायर घ्यायला गेलो. पैशासाठी मी माझी भिशी मोडली. दुकानदाराने तीन तऱ्हा पुढे ठेवल्या. पहिली साधी, दोन्ही बाजूंना सारखी नक्षी. ती कोणत्याही चाकाला, कशीही बसते आणि सहसा स्वस्त पडते. दुसरीची एक बाजू आतली व एक बाहेरची. आतली पाणी काढते, बाहेरची वळणावर तोलून धरते. तिच्यावर कोणती बाजू बाहेर ठेवायची ते लिहिलेले असते. तिसरी बाणाच्या टोकासारखी. ती पाणी चांगले काढते, पण बाजूवर दाखवलेल्या बाणाच्या दिशेनेच फिरली पाहिजे. उलटी बसवली की तिचा गुण कमी होतो.

आमच्या मुलाचा डोळा चौथ्याच टायरवर होता, जीपला असतात तशा जाड ठोकळ्यांच्या. "रुबाबदार दिसते," म्हणे! तो टायर चिखलासाठी. शेतातल्या ट्रॅक्टरची चाके पाहा, तसले ठोकळे चिखलात रुततात आणि ओढ देतात. डांबरावर मात्र ते आवाज करतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. ट्रक उभा दिसला तर पाहा. बहुधा पुढच्या चाकांना सरळ रेघा असतात, वळवायला नीट जावे म्हणून. मागच्यांना जाड आडव्या पट्ट्या असतात, ओझे ओढायला. ज्याचे जसे काम, तशी त्याची नक्षी.

आमचे काम काय? चिपळूण ते पाटण, बाजारहाट, कधी पुणे. सगळे डांबर आणि चार महिने पाऊस. आम्ही साधे, पण चांगले खोल खाचांचे चार सारखे टायर घेतले. पुढचे मागे, मागचे पुढे बदलता येतात आणि स्टेपनीही कुठेही बसते. वाचलेल्या पैशांत चाकांची अलाइनमेंट करून घेतली.

तर भगिनींनो, नक्षीला अर्थ आहे का? आहे, पण तिचा मान चौथा. पहिला मान खोलीचा, दुसरा हवेचा, तिसरा टायरच्या वयाचा. या तीन गोष्टी आपण बायकासुद्धा अंगणात उभ्या राहून पाहू शकतो.

खोलीसाठी आगकाडी पुरे. खाचांच्या तळाशी मुद्दाम छोटे उंचवटे ठेवलेले असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला. परंतु आपल्या कोकणच्या पावसात तोवर थांबू नये. तीन मिलिमीटर उरले की मे महिन्यातच बदलावेत. हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना पाहावी. किती भरायची ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते आहे, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त, आणि एकच कड झिजली असेल तर चाके सरळ नाहीत. वय टायरच्या अंगावरच असते. शेवटचे चार आकडे १४२३ असतील, तर २०२३ सालच्या चौदाव्या आठवड्यातला माल. रबर वयाने कडक होते, न वापरलेले सुद्धा. पाच वर्षांनंतर ते दरवर्षी दाखवून घ्यावे.

दोनच टायर घेणे परवडत असेल, तर नवे मागच्या चाकांना लावावेत. मागची चाके सुटली की गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे फार कठीण. आणि कधी आमच्यासारखी गाडी तरंगलीच, तर ब्रेक जोरात दाबू नये. पाय हळूच उचलावा आणि चाक सरळ धरून ठेवावे.

केळवणाला आलेल्या पाहुण्यांनी पडद्यांची फार वाखाणणी केली. आज त्यांचा रंग कोणता होता हे त्यांतल्या एकीलाही सांगता येणार नाही. माझी मुलगी मात्र आज इथे पहिल्या रांगेत बसली आहे. मे महिन्यात घरात कोणी "टायर बदलायला हवेत" असे म्हणाले, तर माझ्यासारखे लांबून पाहून "नक्षी दिसते आहे" असे म्हणू नका. एक आगकाडी घेऊन जा, वाका आणि मोजा.