औषधाची मक्तेदारी आणि आपली हरकत
(नागपूर येथील महिला मेळाव्यातील भाषण)



टीबी झाला की बाईला माहेरी धाडतात, हे आपण वस्त्यांमध्ये पाहतो. पण तिचे औषध कोणाच्या मालकीचे, हे विचारत नाही.

मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले यांनी ते विचारले. टीबीच्या जुन्या इंजेक्शनांनी दोघींचे कान गेले होते. इंजेक्शनाऐवजी बेडाक्विलीनची गोळी होती, पण पेटंट जॉन्सन अँड जॉन्सनचे. ते २०२३ मध्ये संपणार होते. त्याच औषधाच्या क्षारावर नवे पेटंट मागून कंपनीला २०२७ पर्यंत मक्तेदारी हवी होती. २०१९ मध्ये दोघींनी हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. इतर कंपन्यांना स्वस्त गोळ्या बनवायची वाट मोकळी झाली.

टीबीचे औषध सरकार फुकट देते हे खरे. पण किंमत चढी असली की तेवढ्याच पैशात कमी रुग्णांना पुरते.

पेटंट मिळण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकते, हा आपल्या कायद्याने दिलेला हक्क आहे. २०२४ च्या नियमांनी त्यावर शुल्क लावले, आणि हरकत ऐकायची की नाही हे आधी ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिला. दोघी रुग्ण बायांनी उघडलेले हे दार अरुंद होते आहे. ते बंद होऊ द्यायचे नाही, हे काम आता आपल्या गटांचे.