शेणातून जमिनीत कोळसा
(एव्हरशाईन सिटी, वसई येथे दिलेले भाषण)



भातरोपांसाठी आपण राब भाजतो, तेव्हा पालापाचोळ्यातील बराचसा कर्ब धूर होऊन उडून जातो. तोच काडीकचरा कमी हवेत जाळल्यास कोळसा होतो आणि सुमारे निम्मा कर्ब टिकतो. जमिनीत असा कोळसा शेकडो वर्षे राहतो.

ऑस्ट्रेलियातील मॅंजिमप येथील शेतकरी डग पाऊ यांनी गाईंना रोज सुमारे ३३० ग्रॅम कोळसा मळीत कालवून चारला. त्याची माहिती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. कोळसा फारसा पचत नाही, शेणावाटे पडतो. ते शेण शेणकिड्यांनी जमिनीत पुरले आणि मजुरी वाचली.

मात्र तबेल्याचे शेण गटारात गेले किंवा गोवऱ्या होऊन चुलीत जळले, तर कर्बाचा साठा होत नाही. शेण शेतात पोचले पाहिजे. रवंथातील मिथेन वायू कोळशाने घटतो म्हणतात. पण जनावरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

दगडी कोळसा किंवा रंगवलेल्या लाकडाचा कोळसा कधीही चारू नका. कोळसा औषधेही शोषतो, म्हणून पशुवैद्यकांना विचारूनच द्या. तोपर्यंत कोळशाची पूड गोठ्यात मूत्र मुरवण्यासाठी पसरा आणि ती शेणखताच्या खड्ड्यात टाका. कर्ब त्याही वाटेने शेतातच जाईल.