नदीच्या दोन्ही काठांवरच्या बाया

(लोहारा, जि. यवतमाळ येथे बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

आपलं लोहारा यवतमाळ शहराला लागून आहे. याच नावाचं दुसरं लोहारा धाराशिव जिल्ह्यात तालुक्याचं गाव आहे. १९४८ साली या दोन गावांचं नाव एक होतं, पण राज्यं वेगळी होती. आपलं गाव मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणजे स्वतंत्र भारतात. ते दुसरं निजामाच्या हैदराबाद संस्थानात. आपल्या जिल्ह्याची हद्द उमरखेडच्या बाजूला पैनगंगेनं ठरवलेली होती. अलीकडे भारत, पलीकडे निजाम.

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिदिन साजरा होतो. आपल्याला तो तिकडचा सण वाटतो. पण त्या वेळी जीव मुठीत घेऊन निघालेली कितीतरी कुटुंबं नदी ओलांडून आपल्याच जिल्ह्यात आली होती. त्यातली एक माझी आजी. म्हणून आज मी या विषयावर बोलायचं ठरवलं.

थोडक्यात इतिहास सांगते. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही निजाम भारतात सामील झाला नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. तो मोडायला कासीम रझवीची रझाकार संघटना उतरली. गावं लुटली, जाळली, माणसं मारली, बायांवर अत्याचार केले. जुनी माणसं आजही त्या काळाला ‘रझाकारी’ म्हणतात. या लढ्यात बायाही होत्या. दगडाबाई शेळके यांच्यासारख्या काहींची नावं आपल्याला माहीत आहेत. पण हद्दीवरच्या कॅम्पांत रोज भाकरी थापणाऱ्यांची नावं कुठंच नाहीत. पुढे स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन मिळालं, ते तुरुंगाचा दाखला किंवा सोबत्यांचं प्रमाणपत्र बघून. भाकरी थापल्याचा दाखला कोण देणार?

माझी आजी त्या वेळी सोळा वर्षांची होती. पोटात पहिलं मूल. हदगावकडच्या एका खेड्यातून सासरच्या माणसांबरोबर ती रात्रीची निघाली. घराची किल्ली आणि गाय तिनं शेजारच्या मण्यारणीच्या हवाली केली. ही मण्यारीण गावभर बांगड्या भरायची. आजीच्या लग्नातला चुडाही तिनंच भरलेला. नदीतून येताना आजीच्या हाताला धरून चालणारी तिची धाकटी नणंद पुढे उमरखेडकडच्या मुक्कामात तापानं गेली. आजीचं मूलही राहिलं नाही. रझाकारीचे बळी मोजताना या दोघांना कुणी मोजलं नाही. ते तर तापानं गेले, बाळंतपणात गेले, असंच सगळे म्हणाले.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. १७ तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवली, १८ तारखेला त्याच्या सेनापतीनं शरणागती दिली. पाच दिवसांत काम फत्ते. त्याला नावसुद्धा युद्ध असं दिलं नाही, ‘पोलीस ॲक्शन’ म्हटलं. आजीचं कुटुंब पाणी उतरल्यावर घरी परतलं. गाय खुंट्याला बांधलेली होती. किल्ली दाराच्या कोनाड्यात होती. मण्यारीण नव्हती. तिचं घर उघडं पडलं होतं.

आजी पुढे कितीतरी वर्षं गावातल्या एका विहिरीचं पाणी भरत नसे. लांब नदीवर जायची. आम्हाला वाटायचं, तिची काही शिवाशिवीची समजूत असेल. शेवटच्या आजारपणात तिनं मला सगळं सांगितलं. मी विचारलं, “आजी, आजोबांना माहीत नव्हतं?” आजोबा दर १७ सप्टेंबरला शाळेत भाषण करायचे, मुलं त्यांना हार घालायची. आजी म्हणाली, “म्या त्याहिला कदी इचारलंच न्हाई, बाई. खरं सांगितलं असतं तर कुटं जाऊ म्या?”

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर ‘स्थलांतराचे कारण’ असा रकाना मी शेकडो वेळा भरलाय. पण ती एवढी वर्षं काय गिळून बसली होती, हे विचारायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

हे आजीच्या एकटीच्या गावचं नव्हतं. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चौकशीला पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. मेलेल्यांत बहुतेक मुसलमान होते, आणि त्यातल्या बहुसंख्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. बायांवर बलात्कार झाले, बाया पळवल्या गेल्या, कित्येकींनी विहिरी जवळ केल्या. एका विहिरीत त्यांना अकरा प्रेतं दिसली, त्यात एक बाई होती आणि तिच्या छातीशी तिचं लेकरू. हा अहवाल साठ वर्षांहून जास्त काळ लोकांपुढे आला नाही.

पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. कितीतरी ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवलं. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले. पळवलेल्या बाया परत आणायला गावकऱ्यांनी मदत केली. म्हणजे दुसरा रस्ता होता, आणि तो त्या वेळच्या लोकांनाही माहीत होता.

हे बोललं की लगेच कुणीतरी विचारतं, “मग रझाकारांनी केलं त्याचं काय?” मैत्रिणींनो, रझाकारांनी केलं ते खरं आहे, माझ्या घरानं ते भोगलं आहे. पण मण्यारणीनं काय केलं होतं? तिनं तर गाय सांभाळली. एका बाजूच्या बायांची अब्रू लुटली म्हणून दुसऱ्या बाजूच्या बायांची लुटायची, हा हिशेब पुरुषांनी मांडला. त्यात बाई म्हणजे जणू शत्रूच्या मालकीचं शेत. आपण तराजू घेऊन बसलो, तर तोच हिशेब पुढे चालवू.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. ३० एप्रिल १९७५ ला व्हिएतनामचं युद्ध संपलं, तेव्हा जगानं सायगावहून उडणारी हेलिकॉप्टरं पाहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावर काटेरी तारांवरून सैनिकांच्या हातात दिलेली तान्ही लेकरं पाहिली. फोटो निघतो तो निघून जाणाऱ्यांचा. मागे राहिलेल्या बाईचं दुसऱ्या दिवशी काय झालं, त्याचा फोटो नसतो. युद्ध संपल्याची तारीख सह्या करणारे ठरवतात. तिचं युद्ध बहुतेक वेळा त्या तारखेनंतर सुरू होतं.

आता आपण काय करायचं? त्या काळात जाणत्या वयाच्या असलेल्या बाया आज नव्वदीच्या आसपास आहेत. उमरखेड, पुसद, महागावकडच्या गटांनी त्यांच्याजवळ बसायला हवं. लेक-सुना नसताना बसा, कारण घरच्यांसमोर बाई बोलत नाही. कुणी मारलं हे आधी विचारू नका. निघताना काय सोबत घेतलं, काय मागे ठेवलं, कोणाच्या भरवशावर ठेवलं, हे विचारा. ती गप्प बसली तर गप्प बसू द्या. नाव द्यायचं नसेल तर घेऊ नका. आणि मोहल्ल्यातल्या आजींकडे गेल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका.

येत्या १७ सप्टेंबरला झेंड्याला सलाम करूच. तो आपलाही आहे. पण त्याआधी प्रत्येक गटानं निदान दोन म्हाताऱ्यांचं ऐकून लिहून आणावं, एक या काठाची आणि एक त्या काठाची. मी आजीचं लिहून काढलं आहे. मण्यारणीचं लिहायला मला तिचं नावसुद्धा माहीत नाही. आजी तिला शेवटपर्यंत मण्यारीणच म्हणत राहिली.