चित्रे आहेत, नोंदी नाहीत
(मंडळाच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण सुलतान बाजार, गौळीगुडा, काचीगुडा धरून इथेच राहिलो. तेव्हापासून मुलांच्या नोकरीचा विषय निघाला की आपण भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांवर तरी बोलतो, नाहीतर कोणाच्या ओळखीवर. हक्कांसाठी निवेदने द्यायचीच. पण आपली काही मुले आता माधापूरच्या निफ्टमधून, मासाब टँकच्या फाइन आर्ट्‌स विद्यापीठातून डिझाइन शिकून बाहेर पडतात. त्यांचा अर्ज आला की कंपनीतला माणूस आधी त्यांची वेबसाइट उघडतो. तिला पोर्टफोलिओ म्हणतात. तिथे आपली चिठ्ठी पोचत नाही.

आमची भाची मध्यंतरी लॅपटॉप घेऊन घरी आली. आठ अर्ज केले होते, उत्तर एकाचेही नाही. आम्ही कॉमर्सचे, रंगसंगतीतले आम्हाला काय कळणार? पण लोकांची कागदपत्रे तपासण्यात वीस वर्षे गेली, म्हणून म्हटले बघू या.

आमच्या फोनवर ते पान उघडेपर्यंत चहा पिऊन झाला. चित्रेच इतकी जड. मग एकापाठोपाठ चौतीस चित्रे: पोस्टर, लग्नपत्रिका, दुकानांची बोधचिन्हे, सगळे एकत्र. आम्ही विचारले, "हे कोणासाठी केलेस? यात तुझे किती, दुसऱ्यांचे किती?" तिने तोंडाने सगळे छान सांगितले. पानावर मात्र एक ओळ नव्हती. पासबुकात नुसती शिल्लक छापून भागते का? कोणत्या तारखेला, कशापोटी, ही नोंद लागतेच.

सत्ताविसाव्या चित्रापाशी आम्ही थांबलो. मराठवाड्याच्या गाड्यांतून काचीगुड्याला उतरणाऱ्यांसाठी मराठी पाट्या कशा असाव्यात, याचा तिने सराव केला होता. तीन सकाळी स्टेशनावर उभी राहून माणसे कुठे अडतात, कोणाला विचारतात ते टिपले होते. पहिली अक्षरे फार बारीक झाली, आजीला वाचता आली नाहीत, म्हणून पुन्हा काढली. ती फसलेली पाटीही तिने जपून ठेवली होती, पण लाजेने दाखवली नव्हती! आम्ही म्हटले, हे सगळ्यात वर घे. फसलेलेही दाखव आणि का बदलले ते लिही. मात्र हा सराव आहे, रेल्वेने दिलेले काम नव्हे, हे स्पष्ट लिही.

देवनागरी अक्षर ही काही लहान विद्या नाही. कॉम्प्युटरवरचा 'मंगल' हा टंक आपल्या र. कृ. जोशींनी घडवला. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर रोज तेलुगू, उर्दू, इंग्रजी आणि घरात मराठी, अशा चार लिप्या असतात. ते पोर्टफोलिओत दिसले पाहिजे.

चौतीसपैकी सहा कामे ठेवली. प्रत्येकाखाली काय हवे होते, तिने काय केले, बरोबर कोण होते, एवढे चार ओळींत. चित्रे हलकी केली. फोन नंबर शोधावा लागत होता, तो प्रत्येक पानाखाली आला.

आता जरा कटू बोलतो. आपल्यातल्याच एका संस्थेची गणेशोत्सवाची पत्रिका तिने तीन वर्षे फुकट केली. पत्रिकेवर कार्यकारिणीची अकरा नावे, तिचे कुठेच नाही. पोर्टफोलिओसाठी दोन ओळींचे पत्र मागितले, तर उत्तर आले, "घरच्या कामाला कसले पत्र?" नोकरी देणाऱ्याने मग तिचे काम खरे कशावरून मानायचे?

नंतर तिला एक बोलावणे आले. मुलाखतीत बराच वेळ काचीगुड्याच्या पाट्यांवरच बोलणे झाले म्हणे. नेमणूक अजून हातात नाही.

म्हणून आम्ही ठराव लिहून आणला आहे: मंडळाच्या पत्रिका, फलक आणि या वार्तापत्राचे काम जो करील त्याचे नाव छापावे, त्याला मानधन द्यावे आणि कामाचे पत्र मंडळाच्या शिक्क्यानिशी आठ दिवसांत द्यावे. मानधनाची रक्कम कोषाध्यक्षांनी सुचवावी. अनुमोदन कोण देणार?